साहेबांची पाणीपातळी

सोलापुरात ‘बे’ हे अक्षर ज्याला लागलं तो घरचा. पुण्याहून बदलून आलेला माणूस पहिल्या दिवशी ‘काय बे’ ऐकून दुखावतो, आठवडाभर तणतणतो आणि महिन्याच्या शेवटी स्वतःच रिक्षावाल्याला ‘थांब की बे’ म्हणतो. ज्याला ‘बे’ म्हणवत नाही त्याच्याशी सोलापुरी माणूस फक्त व्यवहार करतो. आमच्या साहेबांनी मला सात वर्षं ‘बे’ म्हटलं. आठव्या वर्षी, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी ते मला ‘आपण’ म्हणाले, आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

बँकेचं नाव सांगत नाही. सांगितलं तर साहेब ओळखू येतील. न सांगितलं तर प्रत्येक बँकेतल्या माणसाला ते आपलेच वाटतील, आणि तेच बरं. शाखा पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात. खडखडाट थांबला की समजायचं, एकतर वीज गेली किंवा मंदी आली. वीज परत यायची. मंदी आमच्या वसुलीच्या वहीत येऊन बसायची. मी कर्ज विभागात. साहेब शाखाधिकारी, निवृत्तीला चार वर्षं राहिलेले, सफारीच्या खिशात दोन पेनं. एक निळं सगळ्यांसाठी, एक लाल आमच्यासाठी.

साहेब घरी फोनवर कानडी बोलत, चादरवाल्या सावकारांशी तेलुगू, रस्त्यावर गाडी घासली तर दख्खनी आणि हेड ऑफिसशी इंग्रजी. मराठी त्यांनी आम्हा स्टाफसाठी राखून ठेवली होती, आणि तीही सोलापुरी. ‘काय करूलालास बे?’ असं केबिनच्या दारातून आलं की त्याचा अर्थ, हातातलं काम टाक आणि आत ये. आत काम नसायचं. आत डबा असायचा. दुपारी दीडला केबिनमधून ‘कट्ट’ असा आवाज आला की मी उठायचोच. कडक भाकरी मोडल्याचा आवाज तो. पापडासारखी कुरकुरीत ज्वारीची भाकरी, तिचे दोन तुकडे, एक त्यांचा आणि एक माझा, मध्ये शेंगाचटणी आणि वर सणसणीत तेल. सात वर्षांत त्या भाकरीचे तीन तुकडे कधी झाले नाहीत. कॅशियर बाई म्हणायच्या, ‘तुमचं काय बाई, जावई आहात.’

जावई नव्हे, त्याहून वरचं पद माझ्याकडे होतं. मी ‘माझा माणूस’ होतो. शाखेत कोणी मोठं गिऱ्हाईक आलं की साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे, ‘हा माझा माणूस. मी नसलो तरी ह्याला सांगा, मला सांगितल्यासारखंच.’ त्या हाताचं वजन पहिली दोनतीन वर्षं मला फार सुखाचं वाटे. वडिलांचं ऑपरेशन झालं तेव्हा हा माणूस रात्रभर दवाखान्याच्या लाकडी बाकावर बसला होता. सख्खा चुलता दहा वाजता घरी गेला, साहेब गेले नाहीत. पहाटे स्वतः जाऊन थर्मासमधून चहा आणला. सकाळी वडील शुद्धीवर आले तेव्हा त्यांच्या उशाशी वाकून साहेबांनी मायेनं विचारलं, ‘आता बरं वाटतंय ना अण्णा? मग हा सोमवारपासून येतो म्हणू का?’

दरवर्षीच्या गोपनीय अहवालात मात्र साहेब माझ्यापुढे एकच शब्द लिहीत : ‘बरा’. काम बरं, वर्तणूक बरी, नेतृत्वगुण बरे. तिसऱ्या वर्षी मी धीर करून विचारलं. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. ‘आई लेकराच्या गालाला तीट लावते की नाही? का लावते? लेकरू वाईट दिसावं म्हणून? अरे, “उत्कृष्ट” लिहिलं की हेड ऑफिसची नजर लागते बे. गेलं मग लेकरू हातातनं.’ मला हे इतकं पटलं की मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. बायको म्हणाली, ‘तीन वर्षांची तीट म्हणजे आता काळं फासल्यासारखंच झालंय.’ बायका फार लवकर हिशेब करतात.

जानेवारी संपत आला होता. सिद्धेश्वराची यात्रा होऊन गेली होती, पण होम मैदानावरची गड्डा जत्रा अजून उठली नव्हती. संध्याकाळी पाळण्यांचे दिवे दिसत होते. अशा दिवसांत हेड ऑफिसचं सर्क्युलर आलं. पुण्याला कर्मचारी विभागात अधिकाऱ्याची एक जागा, बँकेतल्याच लोकांतून भरायची, इच्छुकांनी अर्ज करावेत. सगळ्यात खाली, बारीक टाइपात : ‘अर्ज शाखाधिकाऱ्यांमार्फतच पाठवावा. शाखाधिकाऱ्यांनी आपला अभिप्राय सीलबंद पाठवावा.’

ही ओळ ज्यानं शोधून काढली त्याला मी मानतो. सरकारी खात्यात तिला ‘योग्य मार्गाने’ म्हणतात. सुनेनं वेगळं बिऱ्हाड करायचं ठरवावं, आणि नियम असा की त्याचा अर्ज सासूच्या सहीनं, सासूच्या शेऱ्यासह, सासूनंच पोस्टात टाकायचा. माझा भाचा हिंजवडीला आयटीत आहे, तो म्हणतो त्यांच्याकडे याला पोर्टल असतं, बटण दाबलं की अर्ज गेला. मी विचारलं, ‘आणि तुझ्या बॉसला कधी कळतं?’ तो म्हणाला, ‘बटण दाबलं की लगेच. त्यालाही मेल जातो, मामा.’

मी वेळ नीट निवडली. भाकरीनंतरची. त्या दिवशी डब्यात शेंगापोळीही होती. साहेब तृप्त दिसत होते. अर्ज पुढे ठेवला. त्यांनी एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला.

‘पुणे?’

‘हो साहेब.’

‘कायमचं?’

‘मिळाली जागा तर.’

‘घरी विचारलास?’

‘बायको हो म्हणाली.’

‘अण्णा?’

‘तेही हो म्हणाले.’

साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, सायकलींचा स्टँड होता. ‘म्हणजे सगळ्यांना विचारलास,’ ते म्हणाले. मग माझ्या वाट्याच्या भाकरीचा अर्धा राहिलेला तुकडा डब्यात परत ठेवला, झाकण लावलं आणि म्हणाले, ‘ठेव तिथं.’

‘ठेव’. तेवढंच शेवटचं एकेरी.

दुसऱ्या दिवशी मला दहा मिनिटं उशीर झाला. आता सोलापुरात उशिराचं एक कारण असं आहे की ते कलेक्टरनाही मान्य करावं लागेल : ‘आज पाणी होतं.’ नळाला चारपाच दिवसांनी एकदा पाणी येणार, ते कधी पहाटे, कधी ऑफिसच्या वेळेला; घरातली पिंपं, घागरी, पातेली आणि शेवटी पूजेचा तांब्यासुद्धा भरल्याशिवाय कर्ता पुरुष घर सोडत नाही. साहेब स्वतः या कारणाने अकराला यायचे. मी म्हणालो, ‘साहेब, आज पाणी होतं.’ साहेब हजेरीपटावरून मान वर न करता म्हणाले, ‘आपण वेळेचं नियोजन करावं.’

आपण!

तिथून पुढे जे सुरू झालं त्याला राग म्हणता येणार नाही. राग असता तर सोपं होतं, मीही चार शब्द बोललो असतो. साहेब माझ्याशी अतोनात सभ्य झाले. ‘कृपया’, ‘शक्य झाल्यास’, ‘आपली अडचण होणार नसेल तर’. केबिन आणि माझं टेबल यांत बारा पावलं अंतर. तेवढ्या अंतरात ते मला चिठ्ठ्या पाठवू लागले, नावाआधी ‘श्री.’ आणि शेवटी ‘आपला’ लिहून सही. रोज पहाटे सहाला मोबाइलवर येणारा सिद्धेश्वराच्या पूजेचा फोटो बंद झाला. ‘माझा माणूस’ जाऊन गिऱ्हाइकांपुढे ‘आमचे एक अधिकारी’ आले. रजेच्या अर्जावर लाल पेन फिरू लागलं. आणि दीड वाजता ‘कट्ट’ असा आवाज यायचा, त्यानंतर काहीच नाही. मी टेबलावर बसून ऐकायचो. एक महिना मी तो आवाज ऐकला. भाकरीचे आता दोन तुकडे होत नव्हते, चार होत होते असं मला वाटायचं, आणि ते सगळे साहेब एकटेच खात होते.

बँकेत नव्वद दिवस हप्ता थकला की कर्ज एनपीए होतं. मग ‘सब-स्टँडर्ड’, मग ‘संशयित’, मग ‘बुडीत’, अशा रीतसर पायऱ्या आहेत. मला पहिली पायरी मिळालीच नाही, मी थेट संशयितात गेलो. शाखेत पैशाचं व्हाउचर हरवलं तर आधी माझ्याकडे बघितलं जाऊ लागलं. कर्ज विभागाचं त्या व्हाउचरशी काही नातं नव्हतं, तरीही.

मार्च सुरू झाला. टेबलांची फिरवाफिरव झाली आणि माझं टेबल पंख्याखालून उचलून पश्चिमेच्या खिडकीशी गेलं. ‘आपल्याला उजेड मिळावा म्हणून,’ साहेब म्हणाले. उजेड मिळाला. सोलापूरचा मार्च-एप्रिलचा दुपारचा उजेड ज्यानं पाहिला आहे त्याला पुढचं सांगायला नको. बाहेर पारा त्रेचाळीसकडे चाललेला आणि केबिनमध्ये साहेब बर्फाच्या लादीसारखे. अख्ख्या गावाला गारव्याचा दुष्काळ, मला एकट्याला मुबलक.

या सगळ्याचं मोजमाप शिपाईमामांनी सुरू केलं. मामा मूळचे करमाळ्याकडचे, जमीन उजनी धरणात गेलेली, त्यामुळे त्यांचा उजनीशी घरच्यासारखा वाद. सकाळी पेपर आला की ते आधी उजनीची टक्केवारी वाचतात. सोलापूरकराला हे कळतं. बाहेरच्याला वाटतं धरणात पाणी शून्याच्या खाली कसं जाईल? पण उजनी जाते. एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा. उपयुक्त पाणी संपलं की शून्य, आणि मृतसाठ्याला हात घातला की वजा. २०२४ च्या उन्हाळ्यात ती वजा साठच्या आसपास गेली होती. उलट पावसाळ्यात पुण्याकडून पाणी सुटलं की शंभरच्या वर, एकशेअकरापर्यंतही जाते. जगात कुठल्याच परीक्षेत शंभरपैकी एकशेअकरा आणि वजा साठ असे दोन्ही मार्क पडत नाहीत, फक्त उजनीच्या आणि साहेबांच्या.

मामा केबिनमध्ये चहा देऊन बाहेर आले की माझ्या टेबलापाशी क्षणभर थांबायचे आणि आकडा सांगायचे. ‘सर, आज वजा बारा.’ ‘आज वजा एकोणीस, मघाशी हेड ऑफिसचा फोन आल्ता.’ ३१ मार्चच्या रात्री, क्लोजिंगला साडेअकरा वाजता मी एकट्यानं वसुलीचा ताळा जमवून दिला, तेव्हा मला वाटलं निदान शून्यावर येतील. साहेब म्हणाले, ‘आपले आभार.’ मामा म्हणाले, ‘वजा एकतीस.’

मी हाय खाल्ली. उपाय सुरू केले. आमचे काका जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. त्यांच्या पिशवीत कायदे असतात. त्यांनी देव दत्त प्रकरण काढलं, सर्वोच्च न्यायालय, २००८. सीमा रस्त्यांच्या खात्यातला इंजिनिअर. त्याच्या गोपनीय अहवालात ‘चांगला’ लिहिलेलं, आणि बढतीला ‘फार चांगला’ लागायचं. त्या ‘चांगला’नं बिचाऱ्याचं वाईट केलं. कोर्ट म्हणालं, शेरा बरा असो की वाईट, ज्याचा त्याला तो कळवलाच पाहिजे. ‘तुझं “बरा” त्याहून वाईट,’ काका आनंदानं म्हणाले. मग त्यांनी महाराष्ट्राचा २००५ चा बदल्यांचा आणि दफ्तरदिरंगाईचा कायदा काढला : फाईल कोणाच्याही टेबलावर कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग काका म्हणाले, ‘अर्थात हे सरकारी माणसाला. तुझी बँक. पण वाचून ठेव.’

भाच्यानं निराळाच कागद आणला. इंग्रिड हेगेले नावाच्या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी एका मोठ्या कारखानदार कंपनीच्या नोंदी तपासल्या, जर्मनीतल्या. साहेब लोक चांगली माणसं दाबून ठेवतात, वरच्यांना दिसू देत नाहीत. मात्र साहेब स्वतः दुसरीकडे जायला निघाला की हाताखालच्यांचे बढतीचे अर्ज दुपटीहून जास्त होतात. मला त्या जर्मन मंडळींबद्दल एकदम बंधुभाव वाटला. तिकडे भाकरी नसेल, पण दीड वाजता काहीतरी मोडल्याचा आवाज येतच असणार.

कायदा आणि शास्त्र दोन्ही थकल्यावर मी साधा मार्ग धरला. सरळ केबिनमध्ये गेलो. ‘साहेब, माझं काही चुकलं का?’

‘छे छे,’ साहेब उठून उभे राहिले. माझ्यासाठी उभे राहिले! ‘आपलं काय चुकणार? आपल्याला हक्क आहे. सर्क्युलर आहे.’ आणि दार उघडून धरलं. मी बाहेर आलो, मामांनी माझं तोंड पाहिलं आणि आकडा सांगितला नाही.

साहेबांच्या मनात नेमकं काय होतं ते मला समजलं एका ऊस वाहतूकदारामुळे. ट्रॅक्टरचे दोन हप्ते थकले म्हणून आम्ही त्याला बोलावलं होतं. तो खुर्चीच्या टोकावर बसून सांगत होता, ‘साहेब, टोळीला सात लाख उचल दिली. पावसाळ्यात पोरीच्या लग्नाला दिली, म्हातारी आजारी पडली तवा दिली. दसऱ्याला गाडी घेऊन गावाला गेलो तर घरांना कुलपं. दुसऱ्या मुकादमाबरोबर कर्नाटकात गेले की. फोन बी बंद.’

थकलेल्या गिऱ्हाइकाला साहेब पाणीसुद्धा विचारत नसत. त्या दिवशी त्यांनी चहा सांगितला. ‘बघा,’ ते म्हणाले, आवाज भरून आलेला, ‘बघा माणसं कशी असतात. वर्षानुवर्षं सांभाळायचं, दवाखान्यात रात्र रात्र बसायचं, घासातला घास द्यायचा, आणि ऐन हंगामात…’ बोलता बोलता त्यांची नजर काचेतून माझ्या टेबलावर येऊन थांबली. मी फाईल घेऊन दारातच उभा होतो. ‘दवाखान्यात’ हे वाहतूकदार म्हणालाच नव्हता.

त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तो पश्चिमेच्या खिडकीतला नव्हता. सात वर्षांची भाकरी, पहाटेचा चहा, दवाखान्यातलं बाक, खांद्यावरचा हात, ही सगळी उचल होती. मी प्रेम समजून खाल्लं, त्यांनी उचल म्हणून मांडून ठेवलं. म्हणजे प्रेम नव्हतं असंही नाही. मुकादमसुद्धा पोरीच्या लग्नात अक्षता टाकताना खरोखर रडतो. पण रडून झाल्यावर वहीत आकडा लिहितो. माझ्या नावावर किती बाकी होती कोण जाणे. साहेबांच्या मते ती त्यांच्या निवृत्तीपर्यंत तरी फिटणारी नव्हती, आणि मी फोन बंद करून कर्नाटकात निघालो होतो.

वाहतूकदार भला माणूस होता. चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, ‘पण साहेब, त्यांचं बी काय चुकलं? तिकडं जास्त देऊलालेत. पोट सगळ्यांनाच हाय.’

साहेब क्षणात ताठ झाले. ‘आपले दोन हप्ते थकले आहेत,’ ते म्हणाले.

मी बाहेर येऊन मामांना सांगितलं, ‘मामा, तोही वजात गेला.’

मुलाखत एप्रिलात. सकाळी साडेसहाची हुतात्मा पकडली. सोलापूरची निम्मी तरुण पोरं या गाडीनं पुण्याला गेली आणि दर शनिवारी याच गाडीनं धुणं घेऊन परत येतात. मुलाखत घेणाऱ्यांनी माझी फाईल उघडली, एकमेकांकडे बघितलं, हसले. ‘तुमच्या शाखाधिकाऱ्यांचं तुमच्याबद्दल काय मत आहे, माहीत आहे?’ मी म्हणालो, ‘सध्या ते बोलत नाहीत.’ ते पुन्हा हसले. मी समजलो, साहेबांनी सीलबंद पाकिटात बॉम्ब ठेवलाय. परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात त्यांच्याशी दौंडपासून कुर्डुवाडीपर्यंत भांडलो, आणि जिंकलो.

मे महिन्यात निवडीचं पत्र आलं. साहेबांनी ते माझ्यापर्यंत पोचवलं, चिठ्ठीसह : ‘अभिनंदन. पर्यायी व्यवस्था होईपर्यंत आपणांस कार्यमुक्त करता येणार नाही.’ पर्यायी व्यवस्था जूनमध्ये आली, बाविसेक वर्षांचा पोरगा, चुणचुणीत, कानात बाळी. मी त्याला पंधरा दिवस कर्जाच्या फायली शिकवत होतो. सोळाव्या दिवशी दीड वाजता ‘कट्ट’ आवाज आला, आणि केबिनमधून हाक : ‘काय करूलालास बे?’

मी उठलो. खरंच उठलो, पाय आपोआप उठले. तो पोरगा माझ्यापुढून आत गेला.

निरोपसमारंभ झाला. इतर गावांत शाल देतात, आमच्याकडे चादर देतात. भौगोलिक मानांकनवाली, जाडजूड, अंगावर घेतली की माणूस सहज कुशीवर वळू शकत नाही. साहेब वीस मिनिटं बोलले. मी कसा कोरा कागद म्हणून आलो आणि त्यांच्या हाताखाली कसा तयार झालो. ऐकून मलाच साहेबांचा अभिमान वाटला. चादर खांद्यावर टाकताना म्हणाले, ‘आपल्याला शुभेच्छा.’ दारात मामा होते. ‘वजा चार,’ ते म्हणाले. ‘पण सर, एक ध्यानात ठेवा. धरण मायनसमध्ये गेलं म्हणजे कोरडं पडलं असं नसतंय. खाली लई पाणी असतंय. नुसतं दारातनं भाईर येत नाही.’

पुण्यात रुजू होऊन आठ दिवस झाले नाहीत तोच सकाळी सहाला मोबाइलवर सिद्धेश्वर आले. दहाला फोन. ‘काय बे, ते ट्रॅक्टरवाल्याचं तारणखत कुठल्या कपाटात कोंबून ठेवलास?’ मी कपाट सांगितलं. ‘जेवलास का?’ सकाळचे दहा वाजले होते. मी हो म्हणालो. त्यानंतर रोज फोन. शाखेत गिऱ्हाईक आलं की स्पीकर लावून : ‘हेड ऑफिसला आपला माणूस बसलाय, थांबा, बोला त्याच्याशी.’ बारा पावलांवर होतो तेव्हा चिठ्ठ्या यायच्या, अडीचशे किलोमीटरवर गेल्यावर पुन्हा खांद्यावर हात आला. मामांचा मेसेज आला, फक्त आकडा : १११.

कर्मचारी विभागातच असल्यानं एक दिवस जुन्या निवडीची फाईल माझ्याच हाती लावायला आली. माझाच अर्ज. सीलबंद पाकीट आता उघडं. बॉम्ब बघावा म्हणून मी कागद काढला. साहेबांचं लाल पेन : ‘अत्यंत कार्यक्षम, प्रामाणिक व विश्वासू. यांच्या जाण्याने शाखेची मोठी गैरसोय होईल. सबब यांचा विचार न व्हावा.’

मी ते तीनदा वाचलं. सात वर्षं ‘बरा’, आणि आठव्या वर्षी, मला अडवण्यासाठी का होईना, ‘अत्यंत’. आमच्या विभागप्रमुख बाई शेजारून म्हणाल्या, ‘त्या शेऱ्यामुळेच तर घेतलं तुम्हाला. जो माणूस सात वर्षं “बरा”च्या वर गेला नाही, तो एकदम असं लिहितो म्हणजे नक्की काहीतरी असणार.’ मी उठून पाणी प्यायलो. पुण्यात पाणी रोज येतं.

हे सगळं इथंच संपलं असतं. पण दोन वर्षांनी परवा नवं सर्क्युलर निघालं, आणि सोलापूरच्या आमच्या शाखेतून एक अर्ज आला. कानात बाळी असलेल्या पोराचा. सोबत सीलबंद पाकीट, साहेबांचं निवृत्तीआधीचं कदाचित शेवटचं. नियमाप्रमाणे ते मीच उघडलं. लाल पेन. ‘असाधारण बुद्धिमत्ता. यांच्याशिवाय शाखा चालणे अशक्य. सबब विचार न व्हावा.’

असाधारण. अशक्य. दोन वर्षांत! मी कागद उलटा करून बघितला, मागे काही नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला.

‘काय बे, जेवलास का?’

‘जेवलो.’

‘एक अर्ज आला असेल बघ तिकडं. कुठवर आलाय?’

‘साहेब,’ मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच जरा चिरका वाटला, ‘माझ्या वेळी तुम्ही नुसती “गैरसोय” लिहिली होती.’

पलीकडे थोडा वेळ फक्त मागांचा खडखडाट ऐकू आला.

‘तू सात वर्षांत,’ साहेब म्हणाले, ‘एकदा तरी व्हाउचरं क्रमानं लावलास का बे?’